सतरा वर्षांच्या मुलीला गटोपचाराला पाठवावे का?

नाशिकच्या एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांची सतरा वर्षांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. गेले काही महिने ती मैत्रिणींना टाळते, क्लासला निघायच्या वेळी पोटात गोळा येतो म्हणून घरीच थांबते, रात्री उशिरापर्यंत जागी असते आणि पूर्वी आवडीने करायची त्यातले काहीच आता करत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चारचौघांत वावरण्याची भीती असे निदान केले असून समवयस्क मुलामुलींच्या साप्ताहिक गटोपचारात तिला घालण्याचा सल्ला दिला आहे. आईच्या शंका चार आहेत. इतरांची दुःखे ऐकून ती आणखी खचणार नाही ना? तिथे बोललेले बाहेर फुटणार नाही ना? वैयक्तिक समुपदेशनाऐवजी गट म्हणजे कमी पैशांतली तडजोड तर नाही ना? आणि बारावीच्या वर्षात यासाठी वेळ काढावा का?

ताई, मी आपल्या मुलीला तपासलेले नाही, त्यामुळे तिच्या निदानाबद्दल मी काही बोलणार नाही. तो अधिकार तिच्या डॉक्टरांचा आहे. मात्र तरुण मुलांचे गट मी दीर्घकाळ चालवत आले आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारे आपल्या शंकांची उत्तरे देता येतील. आपण लिहिलेल्या त्रासासाठी गटोपचार हा योग्य आणि संशोधनाचा आधार असलेला उपचार आहे. परंतु त्याचा गुण येणे हे त्या विशिष्ट गटात कोणाला घेतले आहे, तो कोण चालवते आणि तिथे मुले एकमेकांशी बोलतात की नुसती तज्ज्ञांचे ऐकून घेतात, यावर अवलंबून असते. म्हणून होकार देण्याआधी काय पाहावे आणि काय विचारावे, याबद्दलच मी अधिक विस्ताराने लिहिते आहे.

तडजोडीची शंका आधी घेते. गटाची फी वैयक्तिक सत्रापेक्षा कमी असते, त्यामुळे एका वेळी आठ जणांना उरकण्याची ही सोय असावी, असे पालकांना वाटणे साहजिक आहे. या पद्धतीची सुरुवात गरिबांच्या सोयीसाठीच झाली, हेही खरे आहे. बॉस्टनमधील डॉक्टर जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये सॅनेटोरियमचा खर्च न परवडणाऱ्या क्षयरुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावून आहार, विश्रांती आणि स्वच्छतेचे धडे द्यायला सुरुवात केली, आणि या धड्यांइतकाच रुग्णांनी एकमेकांना दिलेला धीर उपयोगी पडतो, हे तिथे दिसून आले. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ मध्ये काम सुरू केले, तेव्हापासून गटात बसून मोकळेपणाने बोलणे हा तिथल्या उपचाराचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. तरुण मुलांच्या नैराश्यासाठी गटाचा वापर मात्र मुख्यतः १९८० नंतरचा आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात पीटर लुइनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात आठ आठवड्यांत दोन-दोन तासांची सोळा सत्रे होती आणि मूड सुधारणारे उपक्रम ठरवणे, विचार तपासणे, बोलणे आणि मतभेद सोडवणे ही कौशल्ये गटातच शिकवली जात. पुढे आलेले अनेक कार्यक्रम त्याच वळणाचे आहेत.

इंग्लंडच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये मुलांच्या आणि किशोरांच्या नैराश्याविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत सौम्य नैराश्यासाठी आरंभीच सुचवलेल्या उपचारांमध्ये गटात घेतली जाणारी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत, आणि नातेसंबंधांवर काम करणारा गट या दोहोंचा समावेश आहे. त्याच शिफारशींत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र वैयक्तिक उपचार आधी येतो. आपल्या मुलीचे निदान ‘सौम्य ते मध्यम’ असे लिहिले आहे, म्हणून ते नेमके कोणत्या बाजूला झुकते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मध्यमाकडे झुकत असेल, तर गटासोबत वैयक्तिक सत्रेही असावीत, असे माझे मत आहे.

आपल्या मुलीच्या बाबतीत गटाच्या बाजूने आणखी एक कारण आहे. तिची भीती समवयस्कांच्या नजरेची आहे. बंद खोलीत समजूतदार, वयाने मोठ्या समुपदेशकाशी बोलताना ती नजर समोर नसते, त्यामुळे तिथे मिळालेला आत्मविश्वास क्लासच्या दारात पोहोचेपर्यंत टिकत नाही, असे पुष्कळदा होते. गटात तीच नजर समोर असते, पण सुरक्षित चौकटीत. मी वर्गात शंका विचारली तर सगळे हसतील, असे एखादी मुलगी म्हणाली की गटातच वर्ग मांडला जातो. एक जण सर होतो, बाकीचे बाकावर बसतात आणि ती शंका विचारते. त्याआधी तिने कागदावर लिहून ठेवायचे असते की किती जण हसतील, आपला आवाज किती कापेल आणि सर काय म्हणतील. नंतर प्रत्येकाने काय पाहिले ते सांगायचे. जवळजवळ नेहमी असे निघते की जो थरथराट तिला असह्य वाटला होता, तो इतरांना दिसलाच नव्हता. त्यानंतर त्याच आठवड्यात खऱ्या क्लासमध्ये एक शंका विचारायची आणि पुढच्या सत्रात काय झाले ते सांगायचे. ‘सर म्हणाले, पुढच्या तासाला बघू,’ एवढेच घडल्याचे ती सांगते, तेव्हा तिच्याइतकाच फायदा ऐकणाऱ्या बाकीच्यांना झालेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित झालेली विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे त्रासामागचे विचार तर्काला धरून आहेत का ते तपासण्याची पद्धत, अशा गटांत फार उपयोगी पडते, कारण ‘लोक काय म्हणतील’ या विचाराची उलटतपासणी प्रत्यक्ष लोकांच्या साक्षीने करता येते.

गट नेमका कसा काम करतो, हे समजावे म्हणून एक प्रसंग सांगते; ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपला आठवडा शून्य ते दहापैकी किती होता, एवढे सांगायचे असते. एक मुलगा दर वेळी ‘पाच’ म्हणायचा. काही आठवड्यांनी, एरवी फारशी न बोलणाऱ्या एका मुलीने त्याला विचारले, ‘तू कायम पाचच का सांगतोस?’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘पाच सांगितलं की कुणी पुढं काही विचारत नाही.’ त्यावर तिसऱ्या एकीने सांगितले की घरी तीही अशीच ‘ठीक आहे’ म्हणते. चौथा म्हणाला की त्याच्या घरी तो बोलायला लागला की आई रडते, म्हणून तो बोलत नाही. गट चालवणाऱ्या दोघींपैकी कोणीही तोपर्यंत एक शब्द उच्चारला नव्हता, आणि तो त्यांनी जाणीवपूर्वक केलेला संयम होता. मग त्यांतली एक फक्त एवढेच म्हणाली, ‘आज पाचऐवजी खरा आकडा सांगायचा झाला, तर?’ मुलगा म्हणाला, ‘दोन.’

हा प्रश्न समुपदेशकाने विचारला असता, तर त्या मुलाने तो सहज टोलवला असता. मोठ्यांचे प्रश्न टोलवण्याची मुलांना सवय असते. समवयस्क मुलीने कुतूहलाने विचारल्यामुळे तो त्याला टाळता आला नाही. आणि ज्या मुलीने विचारले, तिच्या दृष्टीने तो दिवस त्याच्यापेक्षाही मोठा होता. आपण कुणाच्या तरी कामी आलो, ही जाणीव नैराश्यातल्या मुलांना फार क्वचित मिळते. घरात, वर्गात आणि दवाखान्यातही ती केवळ मदत घेणारी असतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटातील गुणकारी घटकांची जी मांडणी केली, त्यात ‘असा त्रास होणारे आपण एकटेच नाही’ हा दिलासा आणि दुसऱ्याला उपयोगी पडण्याचा अनुभव, या दोन्ही गोष्टींना महत्त्वाचे स्थान आहे. तरुणांच्या गटात मला या दोन्हींचे वजन सर्वांत जास्त वाटते.

आता आपली पहिली शंका, जी मला सर्वांत रास्त वाटते. इतरांचे ऐकून मुले खचू शकतात का, आणि त्याहून पुढे जाऊन, एकमेकांकडून नको ते शिकू शकतात का? शिकू शकतात, आणि ते पालकांपासून लपवू नये. १९९९ मध्ये थॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बेशिस्त आणि आक्रमक वागणाऱ्या किशोरांना एकत्र आणून चालवलेल्या गटांत काही मुलांचे धूम्रपान आणि गैरवर्तन उलट वाढले. नियम मोडल्याच्या गोष्टींवर इतरांच्या हशाची दाद मिळत गेली की त्याच वर्तनाला खतपाणी मिळते. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या मुलांच्या बाबतीतही असाच सावध करणारा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये २००१ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्यांच्यासाठीच्या गटोपचाराचे निष्कर्ष आशादायक होते, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६६ मुलामुलींच्या मोठ्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना अशा गटाची जोड देऊन विशेष काही साधले नाही, असे दिसले. म्हणून केवळ अशा मुलांचाच गट जमवण्याच्या मी विरुद्ध आहे.

यावरचा उपाय निवडीत आहे. चांगला गट सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाला एकट्याने, निदान एकदा, शक्यतो दोनदा भेटले जाते. ज्याच्या मनात त्या वेळी आत्महत्येचे विचार पक्के होत आहेत, ज्याला भास किंवा संशयाचे तीव्र आजार आहेत, जी मुलगी अत्यंत कमी वजनाच्या अवस्थेत जेवण टाळते आहे, जिच्यावर नुकताच लैंगिक अत्याचार झाला आहे, किंवा जो नशेत येण्याचा संभव आहे, अशांना सर्वसाधारण गटात घेत नाहीत. त्यांना मदत नाकारली जाते असा याचा अर्थ नाही. त्यांना आधी वेगळा, एकट्याने आणि अधिक जवळून द्यायचा उपचार लागतो. जे मूल स्वतः तयार नाही, केवळ आईवडिलांनी ढकलले म्हणून आले आहे, त्यालाही मी थांबायला सांगते, कारण त्याची नाराजी सगळ्या गटाला भोगावी लागते.

उरलेल्यांचा गटही विचारपूर्वक बांधावा लागतो. साधारण सहा ते आठ मुले असावीत. चार-पाचच असतील तर प्रत्येकावर बोलण्याचे दडपण येते आणि दहाच्या वर गेली की लाजाळू मुले मागे दडून राहतात. वयातले अंतर थोडे असावे, कारण चौदा वर्षांच्या मुलाला आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला एकाच वर्तुळात बसवले तर दोघेही अवघडतात. सगळी एकाच स्वभावाची नसावीत; आठही जण घुमे असतील तर गट चालत नाही. सुरू झालेल्या गटात मध्येच नवीन मूल घेऊ नये. नाशिकसारख्या शहरात आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा, ती म्हणजे एकाच कॉलेजातील किंवा एकाच क्लासच्या बॅचमधील दोघे गटात आहेत का. शहर मोठे झाले असले तरी नीटच्या आणि जेईईच्या क्लासांचे जग छोटे असते. नाव न घेताही हे तपासता येते, आणि तपासायलाच हवे.

गटात दुःख सांगण्याचीही एक शिस्त असते. काय वाटत होते, ते सांगायचे; स्वतःला इजा कशी केली, कशाने केली, किती गोळ्या घेतल्या, वजन किती किलोवर आणले, हे सांगायचे नाही. कोणी त्या दिशेने गेले तर समुपदेशक तिथल्या तिथे सौम्यपणे वळवतात. ही शिस्त पाळली गेली, तर इतरांचे ऐकून मुले खचण्यापेक्षा हलकी होऊन घरी जातात, असा अनुभव येतो. पहिल्या तीन-चार सत्रांत मात्र उलटसुलट भावना येतात. ‘त्यांच्या मानाने माझं दुःख काहीच नाही, मी उगाच जागा अडवते आहे,’ असे आपली मुलगी म्हणाली तर घाबरू नका, पण ते गटात मांडायला सांगा. निदान चार सत्रे यायची आणि सोडायचे झाले तर गटाला समोरासमोर सांगून सोडायचे, असा करार आधीच झालेला असेल तर फार बरे पडते.

या संदर्भात एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण कॉलेजांमध्ये सध्या मानसिक आरोग्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात आणि पालक त्यांनाच गटोपचार समजतात. साठ मुलांच्या वर्गाला ताणतणावावर दिलेले व्याख्यान किंवा सर्वांनी मिळून केलेले ध्यान हे वेगळे काम आहे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेतल्या सर्वांना सरसकट सजगता-ध्यान शिकवण्याचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक फायदा दिसला नाही. ज्याला गरज आहे त्याला निवडून, भेटून, छोट्या गटात घेणे, हाच गटोपचाराचा प्राण आहे.

गोपनीयतेबद्दल मी आपल्याला अर्धवट दिलासा देणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर गुप्तता राखण्याचे कायदेशीर बंधन आहे. गटातल्या इतर मुलांवर मात्र असे कायद्याचे बंधन नसते. त्यांनी दिलेला शब्द असतो. अनुभव असा की मुले हा शब्द मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, कारण प्रत्येकाचे काहीतरी त्या वर्तुळात ठेवलेले असते. तरीही नियम नेमक्या भाषेत सांगावा लागतो. गटाबाहेर स्वतःबद्दल काहीही सांगायला मोकळीक आहे, दुसऱ्याबद्दल काहीही सांगायचे नाही. रस्त्यात भेट झाली तर समोरच्याने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची. मोबाइल खोलीबाहेर ठेवायचे.

गोपनीयतेला अपवादही आहेत आणि ते पहिल्या भेटीतच मुलीसमोर सांगितले गेले पाहिजेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर पालकांना कळवले जाते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे समुपदेशकालाही बंधनकारक आहे. काही समुपदेशक मुले बिचकतील म्हणून हे सांगणे टाळतात. मला ते मुळीच मान्य नाही. आधी न सांगता नंतर कळवणे म्हणजे मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडणे होय.

व्हॉट्सॲपचा प्रश्न इथेच येतो आणि आजच्या गटांत तो सर्वांत नाजूक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापर्यंत मुले आपापसांत ग्रुप काढतात. पूर्ण बंदी घातली तरी काढतात आणि मग लपवतात. मैत्री होणे चांगलेच आहे, पण रात्री एक वाजता ‘मला आता जगायचं नाही’ असा मेसेज सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनवर आला, तर ते ओझे तिने एकटीने पेलायचे नसते. म्हणून आम्ही मुलांना आधीच ठरवून देतो की असा मेसेज आला तर उत्तर देत बसायचे नाही, घरातल्या मोठ्या माणसाला उठवायचे, त्या मुलाच्या घरी किंवा समुपदेशकांनी दिलेल्या नंबरवर फोन करायचा, आणि धोका लगेचचा वाटला तर ११२ वर कळवायचे. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आपल्या मुलीच्या गटात असे काही ठरवले आहे का, ते जरूर विचारा. ‘तसा प्रसंग आजवर आला नाही’ हे उत्तर पुरेसे मानू नका.

गट कोण चालवते, याची चौकशी संकोच न करता करावी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. समुपदेशक असतील तर त्यांचे शिक्षण काय, गट चालवण्याचे प्रशिक्षण त्यांनी कुठे घेतले आणि अडचण आल्यास ते कोणा ज्येष्ठाचा सल्ला घेतात, हे विचारावे. दोघांनी मिळून चालवलेला गट मी नेहमी अधिक पसंत करते, कारण एखादे मूल रडत बाहेर निघून गेले तर एकीला त्याच्यामागे जाता येते आणि दुसरी गटाजवळ राहते. कॉलेजात गट भरत असेल तर गुण देणाऱ्या शिक्षकाने तो चालवू नये. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांच्या अभ्यासात मुलांच्या आरोग्यासाठीचा ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम तपासून पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, ज्या शाळांत तो प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी चालवला तिथले वातावरण आणि मुलांचे नैराश्य लक्षणीयरीत्या सुधारले, पण तेच काम शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत तसा फरक पडला नाही. तो केवळ गटोपचाराचा अभ्यास नव्हता, तरीही मुले कोणासमोर मोकळी होतात याचा काही अंदाज त्यातून येतो.

अनुभवी समुपदेशकाची परीक्षा आणखी एका ठिकाणी होते. आपल्याकडच्या गटात घरची परिस्थिती, आडनाव, माध्यम आणि इंग्रजी या सगळ्या गोष्टी मुलांसोबत खोलीत येतात. नीटच्या गुणांवरून बोलणे सुरू होते आणि कोणीतरी ‘तुला काय, तुझी सीट पक्की आहे’ असे म्हणून जाते. ऐकणाऱ्या मुलासाठी तो घाव वर्षानुवर्षांच्या घावांपैकी एक असतो. चालवणारी व्यक्ती ते ऐकून न ऐकल्यासारखे करते, त्या क्षणी तो गट त्या मुलासाठी असुरक्षित होतो. तिथे थांबून, बोलणाऱ्याला न झिडकारता, त्या वाक्याचा परिणाम काय झाला हे ज्याला लागले त्याच्या तोंडून ऐकवणे, हे उपचाराचे काम आहे. भाषेचेही तसेच. चार मुले इंग्रजीत बोलू लागली की सिन्नरहून किंवा दिंडोरीहून आलेले मूल गप्प होते. म्हणून गट मराठीत चालेल, ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने वापरावा, असे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे.

मुलगे आणि मुली एकत्र असावेत का, असे आपण विचारलेले नाही, पण पुष्कळ पालकांच्या मनात ते असते. युगांडाच्या उत्तर भागात युद्धामुळे विस्थापित झालेल्या लोकांच्या छावण्यांत १४ ते १७ वर्षांच्या ३१४ मुलामुलींवर नातेसंबंधांवर आधारित गटोपचाराचा अभ्यास झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलींचे नैराश्य स्पष्टपणे कमी झाले, मुलग्यांत तितका फरक दिसला नाही. आपल्याकडेही मुलगे मोकळे व्हायला वेळ घेतात. चारचौघांची भीती असलेल्या मुलीसाठी मिश्र गट अधिक उपयोगी ठरतो, असे मला वाटते, कारण तिचा क्लासही मिश्रच असतो. मात्र छेडछाडीचा किंवा अत्याचाराचा अनुभव असेल तर मुलींचाच गट बरा.

आपल्या वाट्याचे कामही थोडे आहे आणि ते अवघड आहे. सत्रानंतर गाडीवर बसता बसता ‘आज काय झालं, कोण काय म्हणालं’ असे विचारू नका. भूक लागली आहे का, एवढे विचारलेले पुरे. तिला सांगायचे असेल तर ती सांगेल, आणि सांगेल तेव्हा स्वतःबद्दलच सांगेल. बाहेरच्या बाकावर थांबलेल्या पालकांत ‘तुमची कशासाठी येते?’ अशी चौकशी सुरू होते, तिच्यातही पडू नका. मुलांनी आत राखलेले बाहेर आपण सांगून टाकतो. त्याऐवजी पालकांसाठी वेगळ्या बैठका आहेत का, ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा १० ते १५ वर्षांच्या मुलांसाठीचा गट-कार्यक्रम मुलांच्या सात सत्रांसोबत पालकांचीही तीन सत्रे घेतो, यावरून त्यांचे महत्त्व लक्षात यावे. डॉक्टरांनी औषधे दिली असतील तर ती गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद होणार नाहीत, याकडे लक्ष ठेवा.

बारावीच्या वर्षाबद्दल मी स्पष्ट बोलते. आठवड्याचा दीड तास आणि जाण्यायेण्याचा वेळ, असा बारा ते सोळा आठवडे खर्च होईल. आपली मुलगी आज क्लासला जाऊ शकत नाही आणि रात्रभर जागते, म्हणजे त्याहून कितीतरी अधिक तास ती दर आठवड्याला गमावते आहे. फक्त गट संपण्याची तारीख आधी विचारा. शेवटची सत्रे आणि निरोप बोर्डाच्या परीक्षेच्या आठवड्यात येऊ नयेत. दिवाळीनंतर सुरू होणारा सोळा आठवड्यांचा गट नेमका तिथे जाऊन आदळतो. तसे होत असेल तर आठ-दहा आठवड्यांचा गट शोधावा, किंवा परीक्षा होईपर्यंत वैयक्तिक सत्रे घेऊन नंतर गटात जावे.

अठरा वर्षे पूर्ण व्हायची असल्यामुळे संमतीपत्रावर आपली सही लागेल, पण तिचीही सही घ्या असा आग्रह धरा, आणि फॉर्म तिला स्वतः वाचू द्या. सुरुवातीला तिच्याकडून पीएचक्यू-९ सारखी नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली जाईल, जिचे गुण शून्य ते २७ या दरम्यान येतात; गुण जितके जास्त, तितके नैराश्य अधिक. तीच प्रश्नावली गटाच्या मध्यावर आणि शेवटी पुन्हा भरून घेतली जाते का, ते विचारा. मध्यापर्यंत गुण खाली आले नसतील, झोप तशीच असेल, किंवा मरणाचे विचार येतात असे तिने एकदाही म्हटले, तर सोळाव्या आठवड्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटून वैयक्तिक उपचार सुरू करावा. गट चालू ठेवायचा की थांबवायचा, ते त्या भेटीत तिच्यासमोर आणि तिच्याशी बोलून ठरवा.